काच्चुक्को की ब्रोदेत्तो? स्वयंपाकघरात घडलेली इटालियन भाषा

१/ १८६१ साली इटलीचे एकीकरण झाले. राजा एक झाला, ध्वज एक झाला. भाषा मात्र एक झाली नव्हती. भाषाभ्यासक तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजानुसार त्या वेळी इटालियन बोलू शकणारे लोक शेकडा अडीच होते. इतर काही अभ्यासक हा आकडा दहाच्या आसपास नेतात. उरलेला देश आपापल्या बोलींत बोलत, भांडत आणि जेवत होता.

२/ या भेदाचा प्रत्यय ताटावरही येई. तोस्कानाच्या किनाऱ्यावर माशांच्या रश्श्याला ‘काच्चुक्को’ म्हणत. एड्रियाटिक किनाऱ्यावर तोच ‘ब्रोदेत्तो’. फ्लॉरेन्समध्ये मात्र ‘ब्रोदेत्तो’ म्हणजे अंडे व लिंबू घातलेले सूप. शब्द एक, पदार्थ दोन!

३/ हा घोळ ज्याने नेमका टिपला, तो पेल्लेग्रिनो आर्तुझी १८२० साली रोमान्या प्रांतातील फोर्लिम्पोपोली येथे जन्मला. जानेवारी १८५१ मध्ये ‘पास्सातोरे’ या कुख्यात दरोडेखोराच्या टोळीने नाट्यगृहातील प्रेक्षकांना ओलीस धरून गाव लुटले. आर्तुझींच्या घरावरही धाड पडली. त्या धक्क्याने त्याच्या एका बहिणीचे मानसिक संतुलन कायमचे ढळले. कुटुंबाने गाव सोडून फ्लॉरेन्स गाठले.

४/ फ्लॉरेन्स हे दान्तेचे शहर. साहित्यिक इटालियन भाषेचा पाया तेथील तोस्कानी बोली. व्यापारात पैसा मिळवून आर्तुझी साहित्याच्या व्यासंगात रमला. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याने पाककृतींचे पुस्तक सिद्ध केले. प्रकाशक मिळेना, तेव्हा १८९१ मध्ये त्याने ते पदरमोड करून छापले : प्रती १०००, पाककृती ४७५.

५/ त्याने जन्मगावच्या एका धर्मादाय सोडतीसाठी दोन प्रती पाठवल्या. ज्यांना त्या मिळाल्या त्यांनी थट्टा करून त्या तंबाखूविक्रेत्याला विकून टाकल्या. ही हकिकत पुढे आर्तुझीनेच आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली.

६/ पुस्तकाच्या आरंभी एक छोटा शब्दकोश आहे. इतर प्रांतांतील वाचकांना न कळणारे तोस्कानी शब्द त्यात उलगडले आहेत. काच्चुक्कोच्या कृतीत तर तो थांबून म्हणतो की, प्रांतोप्रांतीच्या नावांचा हा गोंधळ बाबेलच्या मनोऱ्याची आठवण करून देतो. राजकीय ऐक्यानंतर बोलीभाषेच्या ऐक्याचाही विचार व्हायला हवा. खानावळींतील फ्रेंच नावांचा त्याला तिटकारा होता; ‘बेशामेल’ला तो ‘बाल्सामेल्ला’ म्हणे.

७/ हळूहळू पुस्तकाचा खप वाढला. निरनिराळ्या गावांहून वाचकांची पत्रे येऊ लागली : कुठे दुरुस्ती, कुठे नवी कृती. १९११ मध्ये त्याचे निधन झाले, तोवर पाककृतींची संख्या ७९० वर पोहोचली होती. अर्थात हे ऐक्य अपुरेच होते. पुस्तकाचा मुख्य भर रोमान्या व तोस्काना यांवर होता, दक्षिणेचा वाटा तोकडा. आणि निरक्षर शेतमजुराच्या घरी ते पोहोचणे शक्यच नव्हते.

८/ तरीही १९७० मध्ये या ग्रंथाची आवृत्ती संपादित करताना पिएरो काम्पोरेझी या अभ्यासकाने मत मांडले की, राष्ट्रीय ऐक्यासाठी मान्झोनीच्या विख्यात कादंबरीपेक्षा आर्तुझीने अधिक केले. कादंबरी शाळेत वाचली जाई. हे पुस्तक मात्र चुलीशेजारी रोज उघडले जाई.

९/ आणि ‘बाल्सामेल्ला’? तो शब्द मागे पडला. आज इटलीत ‘बेशामेल्ला’ म्हणतात, म्हणजे फ्रेंच शब्दच इटालियन उच्चारात मुरलेला. कोशकार शब्द सुचवतो. तो ठेवायचा की टाकायचा, हे अखेर रांधणारे आणि जेवणारे ठरवतात.