इनामगांवचे अस्थिलेख

प्राचीन मिसरच्या प्रजेचें आरोग्य तेथील शवांवरून वाचतात. महाराष्ट्रांत तसें साधन घोड नदीकांठच्या इनामगांवीं आहे. डेक्कन कॉलेजनें तेथें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. इ. स. पू. १४०० ते १००० या काळांत तेथें चौकोनी घरें, पाटाचें पाणी व जवाचें पीक होतें, पुढें इ. स. पू. ७०० पर्यंत वाटोळ्या झोंपड्या व शिकारीवर अधिक भिस्त दिसते. दफनांत बालकेंच अधिक. दोन मडकीं तोंडास तोंड लावून तीं घराच्या भुईखालीं पुरलेलीं आहेत. धान्याचें कोठार मात्र पांच खोल्यांच्या एका घरालगत होतें; तें उत्खनकांनीं गांवप्रमुखाचें मानिलें आहे. सबब प्राचीनांच्या आरोग्याचा विचार करितांना वैद्यकग्रंथांच्या पोथ्यांबरोबरच कोठार कोणाच्या दाराशीं होतें, हेंही पाहणें अवश्य आहे.