ओढणे आणि धरून ठेवणे

पुणे-बेंगळुरू महामार्गावरून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत वळले, की रस्त्याच्या कडेला एखादे वेळी एक दृश्य दिसते. बंद पडलेली मोटार, तिच्यापुढे उतरत्या फळ्या लावलेला ट्रेलर आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी दांडा फिरवणारा एकटा माणूस. मागून ढकलायला कोणी नाही. कट-कट-कट असा आवाज होत राहतो आणि हजार किलोची मोटार बोटाबोटाने वर चढते. हे विंच नावाचे यंत्र. आम्हाला लिहायचे आहे ते त्यातल्या ‘कट-कट’विषयी. यंत्रांच्या इतिहासात त्या आवाजाकडे फारसे कुणी लक्ष दिलेले नाही.

आधी हिशोब करू. फळीवर चार मीटर गेल्यावर एक मीटर उंची मिळत असेल, तर हजार किलोची मोटार चढवायला सुमारे २५० किलो वजनाइतका जोर लागतो. चाकांचा विरोध धरून २७५ म्हणू. दोर गुंडाळणाऱ्या रिळाची त्रिज्या ३ सेंटिमीटर आणि दांड्याची २४, म्हणजे जोर आठपट झाला. मध्ये एकास चार प्रमाणाची दातेरी चाके असली, की तो बत्तीसपट होतो. घर्षण सोडले, तर हाताला नऊ किलोच्या आसपास जोर पुरतो. याची किंमत अंतरात मोजावी लागते. मोटार चार मीटर चढेपर्यंत हाताला १२८ मीटर फिरावे लागते, म्हणजे सुमारे ८५ फेरे. (दोराचा एक थर दुसऱ्यावर चढत गेला, की रिळाची त्रिज्या वाढते आणि दांडा जड होतो. ‘आता दमलो’ असे त्या माणसाला वाटते, त्यात थोडा वाटा त्रिज्येचाही असतो.)

ही युक्ती फार जुनी आहे. इ.स.पू. ४८० मध्ये इराणच्या झर्क्सिसने हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर नावांचा पूल बांधला. त्याचे जाडजूड दोर लाकडी ‘गाढवांनी’ ताणले होते, असे हिरोडोटस लिहितो. विंचसारख्या फिरत्या ओंडक्याला ग्रीक लोक गाढव म्हणत. ओझे ओढणाऱ्या वस्तूला जनावराचे नाव द्यायचे, ही खोड सगळीकडचीच दिसते.

आर्किमिडीजची गोष्ट तर आपण वर्गात सांगतोच. किनाऱ्यावर ओढून घेतलेले तीन डोलकाठ्यांचे जहाज त्याने एकट्याने, बसल्या बसल्या हलवले. प्लुटार्कने ही गोष्ट सुमारे तीनशे वर्षांनंतर लिहिली आणि श्रेय कप्प्यांना दिले. पाठ्यपुस्तकांनी तेच उचलले. पण अथेनियस या दुसऱ्या लेखकाने जपलेल्या वृत्तांतात सिराक्यूजचे प्रचंड जहाज पाण्यात ढकलण्याची हकिकत आहे आणि तिथे आर्किमिडीजचे साधन म्हणून मळसूत्र येते. आम्हाला हा फरक महत्त्वाचा वाटतो. कप्पी जोर वाढवते, पण हात सुटला की ओझे मागे धावते. बारीक पेराच्या मळसूत्रात घर्षणच पहारेकरी होते. हात काढला तरी ओझे जागीच राहते. पहिल्या शतकात हेरॉनने वजन उचलण्याचे एक यंत्र वर्णिले, त्यातही दातेरी चाकांच्या मालिकेच्या टोकाला मळसूत्रच आहे. त्याचा यंत्रशास्त्रावरचा ग्रंथ पूर्ण रूपात अरबी भाषांतरामुळेच वाचला, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

म्हणजे विंचमध्ये दोन शोध आहेत, ओढण्याचा आणि धरून ठेवण्याचा. पहिल्याची कीर्ती झाली. दुसरा लोक गृहीत धरत आले.

आपल्याकडच्या मोटेत हे दुसरे काम बैल करत. नाडा चाकावरून विहिरीत उतरायचा आणि बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे, म्हणजे त्यांचे स्वतःचे वजनही ओढायला लागायचे. मोट वर येऊन थारोळ्यात पाणी ओतले जाईपर्यंत नाडा ताणून उभे राहायचे तेही बैलांनीच. मोटेला खिटी नव्हती. नाडा तुटला तर ताण एकदम नाहीसा होऊन उतारावरचे बैल पुढे कोसळण्याचे भय असे. कोल्हापूर भागात मोटेची जागा ऑइल इंजिनने घेतली. त्या इंजिनांच्या सुट्या भागांवर इथल्या फाउंड्र्या वाढल्या आणि आज त्या मोटारींचे भाग ओततात. ट्रेलरवर चढणाऱ्या एखाद्या मोटारीत याच जिल्ह्यातले बीड असणे अगदी शक्य आहे.

दात्यात पडणाऱ्या खिटीचे मोल शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांनी ओळखले होते. नांगर उचलताना पंधरा-वीस माणसे उभ्या रिळाचे आडवे दांडे छातीने रेटत गोल फिरत. खिटी मोडली, तर नांगराच्या वजनाने रीळ उलटे फिरे आणि तेच दांडे माणसांना झोडपून काढत. दोराचा प्रश्न उरला होता. तागाचा दोर कुजे आणि साखळीची एक कडी गेली, की सगळेच जाई. १८३४ साली जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्टने लोखंडी तारा पिळून दोर केला. त्यातली एखादी तार आधी तुटते आणि वर डोके काढून दिसते. म्हणून दोर तपासणारा माणूस इशारा वाचू शकतो.

आता तोच बत्तीसचा आकडा उलटा वाचू. मोटार अर्ध्या फळीवर आहे, खिटी नीट बसलेली नाही आणि हात निसटला. मोटार सेकंदाला एक मीटर, म्हणजे चालण्याच्या वेगाने, मागे सरकू लागली, तर दांड्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ३२ मीटर होतो. ताशी ११५ किलोमीटर! विंचच्या गतिमान भागांची जडता आणि घर्षण सोडले, तर मोटारीला तेवढा वेग यायला वीतभर सरकणे पुरते. ज्या गुणोत्तराने दांडा हलका केला, तेच त्याला सोट्यासारखा फिरवते. अशा वेळी माणूस नकळत दांडा पकडायला हात पुढे करतो आणि मनगट मोडून घेतो. ब्रेक असलेल्या विंचमध्ये दांडा सोडताच ओझ्याच्याच ताणाने घर्षणाच्या चकत्या आवळल्या जातात. साध्या विंचमध्ये सगळी मदार बोटाएवढ्या खिटीवर असते. म्हणून मोटार चढत असताना फळीच्या मागे कोणी उभे राहू नये, ताणलेल्या दोराच्या रेषेत राहू नये आणि वर चढल्यावर चाकामागे दगड लावल्याशिवाय दोर सोडू नये. आपले गाडीवान चढावर थांबले, की चाकामागे दगड ठेवत. तीही खिटीच.

वर्गात हे दाखवायला विंच मिळायलाच हवे असे नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जुने फ्रीव्हील मागून घ्यावे. एका बाजूला फिरवले, की तोच कट-कट आवाज येतो आणि उलट फिरवायला गेले, की ते अडते. दुकानदाराकडूनच ते उघडून घ्यावे, कारण आतल्या बारीक गोळ्या क्षणात जमिनीवर पसरतात. आत लहानशा खिट्या आणि त्यांना दात्यांवर दाबून धरणारी केसासारखी स्प्रिंग दिसेल. ती स्प्रिंग काढून फ्रीव्हील पुन्हा जोडायला सांगावे आणि उभे धरून, खिट्या खाली-वर होतील असे, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहावे. कधी धरते, कधी सुटते, याची नोंद मुलांनी स्वतःच करावी.