पालेर्मो येथील त्रिभाषी शिलालेख व एक जुना कागद

सिसिली बेटावरील पालेर्मो येथें जाणारे प्रवासी राजवाड्यांतील प्रार्थनामंदिराचीं सोनेरी जडावाचीं चित्रें पाहून परततात. दुसऱ्या रॉजर राजाच्या या मंदिराच्या लांकडी छतावर कूफी अक्षरें आहेत, याकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. जवळच राजाच्या घटियंत्राविषयींचा इ. स. ११४२ चा शिलालेख आहे. तो लॅटिन, ग्रीक व अरबी अशा तीन भाषांत कोरलेला आहे.

आमच्या मतें याहून मोलाचा एक कागद तेथील सरकारी दप्तरखान्यांत आहे. रॉजर अज्ञान असतां त्याची आई आदेलासिया कारभार पाहत असे. एका ख्रिस्ती मठास उपद्रव होऊं नये म्हणून तिनें इ. स. ११०९ त काढलेलें हें ग्रीक-अरबी आज्ञापत्र होय. युरोपांतील उपलब्ध कागदी पत्रांत तें अत्यंत जुन्यांपैकीं गणलें जातें.

पुढें रॉजरचा दौहित्र दुसरा फ्रेडरिक यानें इ. स. १२३१ त, सरकारी लेख टिकावे म्हणून ते चर्मपत्रावरच लिहावे, कागदावर लिहूं नयेत, असा निर्बंध घातला. परंतु त्याच्या पणजीचा कागद नऊशें वर्षांनंतरही वाचतां येतो. जुनीं दप्तरें निवडतांना जीर्ण कागद निरुपयोगी म्हणून बाजूस सारण्यापूर्वीं संग्राहकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें, अशी आमची विनंती आहे.