वीजपुरवठा अनुक्रमक
वीजपुरवठा अनुक्रमक किंवा पॉवर सिक्वेन्सर ही सर्किट बोर्डावरील निरनिराळे वीजपुरवठे ठरावीक क्रमाने चालू-बंद करणारी व त्यांच्यावर देखरेख ठेवणारी चिप होय. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची यूसीडी९०९० दहा, तर ॲनालॉग डिव्हायसेसची एलटीसी२९७७ आठ पुरवठे हाताळते.

झायलिंक्सच्या ७-मालिकेतील एफपीजीएसाठी आधी गाभ्याचा (बहुधा १.० व्होल्ट), मग १.८ व्होल्टचा साहाय्यक आणि शेवटी इनपुट-आउटपुटचा पुरवठा असा क्रम उत्पादकाने सुचवला आहे. बंद करताना तो उलटा. क्रम मोडल्यास सुरुवातीला जादा प्रवाह ओढला जाऊ शकतो.

विलंब, मर्यादा व परस्परावलंबन संगणकावर ठरवून पीएमबस या आयटूसीवर आधारलेल्या वाहिनीने चिपमध्ये भरतात. ही मूल्ये प्रथम तात्पुरत्या स्मृतीत जातात. कायम साठवणीसाठी यूसीडी९०९० ला ‘स्टोअर डिफॉल्ट ऑल’, तर एलटीसी२९७७ ला ‘स्टोअर यूजर ऑल’ ही आज्ञा द्यावी लागते. ती राहून गेल्यास चाचणीत निर्दोष ठरलेला बोर्ड वीज जाऊन परत येताच जुन्याच मूल्यांवर चालू होतो. साठवण चालू असताना चिपचा स्वतःचा पुरवठा खंडित होता कामा नये.

अधिक फसवी चूक अंकलेखनाची. एलटीसी२९७७ मध्ये विद्युतदाब व्होल्टच्या ८१९२ व्या भागात लिहितात, म्हणून ३.३ व्होल्ट म्हणजे २७०३४. भाग ४०९६ चा समजून आकडा काढल्यास मर्यादा निम्मीच लिहिली जाते.

यूसीडी९०९० रीसेट अवस्थेत असताना तिच्या नियंत्रक पिना मोकळ्या राहतात. त्या काळात पुरवठे आपोआप चालू होऊ नयेत, म्हणून प्रत्येक पिनेला जमिनीकडे जाणारा रोधक जोडतात.