कंपाउंडर ते फार्मासिस्ट : अनुभव कोणाचा, प्रमाणपत्र कोणाचे आणि दुकान कोणाचे?

तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही मेडिकल स्टोअरमध्ये जा. भिंतीवर परवाना आणि त्याच्या शेजारी नोंदणीकृत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र टांगलेले दिसेल. त्यावरचे नाव वाचा आणि त्या नावाचा माणूस दुकानात आहे का ते विचारा. अनेक ठिकाणी उत्तर मिळते, "ते बाहेर गेलेत." ते कायमचेच बाहेर असतात. डिप्लोमा झालेल्या पोराने महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर आपले प्रमाणपत्र भाड्याने दिलेले असते. यात आपल्या समाजाची पोरेही आहेत. नाव आपले, गल्ला दुसऱ्याचा! हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर औषधाच्या शिक्षणाचा इतिहास पाहावा लागेल.

या देशात औषध देण्याचा प्रश्न हा स्पर्शाचाही प्रश्न होता. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. त्या शिक्षकाचे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मोठ्या माणसांनी रदबदली केल्यावर आला, तोही वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, मुसलमानाने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहून न्यूमोनिया सांगितला. पुढे ती बाई मेली. विद्या होती, उपकरण होते, औषधही होते. मध्ये उभी होती ती जात.

आता विचार करा. ज्या समाजाच्या रोग्याला हात लावायला डॉक्टर तयार नव्हता, त्या समाजाच्या मुलाला औषधाच्या खलाला हात लावू दिला असता का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्या काळी औषध देण्याची विद्या मुख्यतः हाताखाली राहूनच शिकली जाई. पोर्तुगीज गोव्यात 1842 साली वैद्यकीय शाळा निघाली आणि तिथे औषधशास्त्राचेही शिक्षण सुरू झाले. बंगालमध्ये 1881 साली कंपाउंडरांचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले. पण या तुरळक सोयी सोडल्या तर कंपाउंडर तयार होई तो दवाखान्यात किंवा दुकानात. आधी बाटल्या धुवायच्या, मग पुड्या बांधायच्या, मग मिक्श्चर करायचे, डोस दाखवणारी कागदाची कातरलेली पट्टी बाटलीला चिकटवायची. वर्षानुवर्षे हे केले की माणूस 'अनुभवी' होई. या शाळेला फी नव्हती. पण उंबरठा होता, आणि तो ओळखीचा, नात्याचा आणि जातीचा होता.

1930 साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. 1931 च्या अहवालात समितीने भेसळीची औषधे आणि औषधाच्या धंद्यातला अप्रशिक्षित कारभार उघड केला, आणि कायदा व शिक्षण या दोन्हींची शिफारस केली. 1932 साली बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी औषधशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण सुरू केले. 1937 पासून तिथे तीन वर्षांचा बी.फार्म. अभ्यासक्रम आला.

1932 हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. बनारस विद्यापीठाचे संस्थापक मदनमोहन मालवीय यांची त्या करारावर सवर्ण हिंदूंच्या बाजूने सही आहे. राखीव जागांबद्दल सगळे बोलतात. करारातले नववे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. प्रत्येक प्रांताच्या शिक्षण अनुदानातून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम बाजूला काढावी, असे ते कलम सांगते. म्हणजे एकीकडे औषधाची विद्या दुकानातून विद्यापीठात जात होती, आणि दुसरीकडे विद्यापीठाचा खर्च आपल्या मुलांना मिळावा यासाठी कागदावर शब्द लिहून घेतले जात होते. बाबासाहेब तिथेच थांबले नाहीत. 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचे भागणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपला जो मुलगा डी.फार्म. किंवा बी.फार्म. करतो, त्याची वाट इथून निघते.

मग आला 1948 चा फार्मसी कायदा. या कायद्याने फार्मसी कौन्सिल, अभ्यासक्रमाचे नियम आणि राज्याची नोंदवही आणली. पण पहिली नोंदवही भरायची कशी? कलम 31 ने अनेक दारे ठेवली. पदवी किंवा डिप्लोमा असेल तर नोंद. सरकारमान्य कंपाउंडरची परीक्षा पास असेल तर नोंद. आणि दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केले असेल तरीही नोंद.

कायद्यात जातीचा उल्लेख नाही, हे खरे. शिकलेली माणसे मोजकीच असताना अनुभवी कंपाउंडरांना घरी बसवणे शक्य नव्हते, हेही खरे. पण परिणाम काय झाला? ज्यांना पूर्वी उंबरठ्याच्या आत प्रवेश होता, त्यांचा तो प्रवेशच 'पात्रता' ठरला. ज्यांना आत येऊच दिले नव्हते, त्यांच्याकडे पाच वर्षांचा अनुभव कुठून येणार? जुन्या विशेषाधिकाराला कायद्याने नवे नाव दिले : अनुभव. आज आपल्या आरक्षणाला 'गुणवत्ते'चा प्रश्न विचारणाऱ्यांनी या कलमाचा अभ्यास जरूर करावा. परीक्षा न देता मिळालेली ही मान्यता कोणाला खटकली नाही.

म्हणूनच अभ्यासक्रमाचे महत्त्व आपल्यासाठी मोठे आहे. कॉलेजचे दार अर्जाने उघडते, नात्याने नाही. परीक्षेला बाप कोण ते विचारता येत नाही. अभ्यासक्रम नीरस असेल, रटाळ असेल, पण उंबरठ्याबाहेर ठेवलेल्यांसाठी तो क्रांतिकारक होता.

हे दार पुन्हा अरुंद कसे झाले? 1983 नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे पर्व सुरू झाले. जातीच्या उंबरठ्याच्या जागी फीचा उंबरठा आला. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने इनामदार खटल्यात सांगितले की विनाअनुदानित खाजगी संस्थांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. त्यावर 93 वी घटनादुरुस्ती करून कलम 15(5) आणावे लागले. तरी शिष्यवृत्तीचा हप्ता रखडला म्हणून विद्यार्थ्याची गुणपत्रिका अडवून ठेवण्याचे प्रकार होतच राहिले. गुणपत्रिका नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर नोकरी नाही.

आणि शेवटचा उंबरठा पुन्हा दुकानाचाच! नियमांप्रमाणे डी.फार्म.च्या विद्यार्थ्याला किमान तीन महिन्यांत 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यातले 250 तास चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचे. ज्याच्या मामाचे मेडिकल आहे तो तिथे जाऊन शिकतो. ज्याचा बाप मजूर आहे तो दारोदार फिरतो, आणि कुठे तरी सही-शिक्क्यावर तास 'भरून' घेतो. म्हणजे शिकण्याची खरी संधी पुन्हा ओळखीवर गेली. 1991 च्या नियमांच्या अभ्यासक्रमात 'ड्रग स्टोअर अँड बिझनेस मॅनेजमेंट' हा विषय होता. आपल्या पोराला दुकान कसे चालवायचे ते शिकवले जाते, त्यात तो पासही होतो, आणि भांडवल नाही म्हणून प्रमाणपत्र दुसऱ्याच्या भिंतीवर टांगतो.

मित्रांनो, हे कटू आहे पण बोलले पाहिजे. फार्मसी कायद्याचे कलम 42 सांगते की चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे. चुकीची गोळी गेली तर जबाबदारी प्रमाणपत्रावरच्या नावाची. मरणारा रोगी बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला. भाडे घेऊन घरी बसणारा फार्मासिस्ट स्वतःला फसवतो, समाजालाही धोक्यात घालतो. पूर्वी आपल्याला दुकानात येऊ देत नव्हते. आज आपण आपणहून बाहेर थांबतो आहोत.

मागण्या स्पष्ट आहेत. 500 तासांचे प्रशिक्षण सरकारी रुग्णालयांत, विद्यावेतनासह मिळाले पाहिजे. शिष्यवृत्तीसाठी गुणपत्रिका अडवणाऱ्या संस्थांवर कारवाई झाली पाहिजे. सरकारी दवाखान्यांतली औषधनिर्मात्याची रिक्त पदे भरली पाहिजेत. आणि जिथे आपले चार फार्मासिस्ट आहेत, तिथे त्यांनी मिळून एक दुकान काढले पाहिजे. ज्या भिंतीवर आपले प्रमाणपत्र आहे, ती भिंत आपली असली पाहिजे, आणि तिच्यासमोर उभे राहून औषध देणारा हातही आपलाच असला पाहिजे.

जय भीम!