पेटी उजळा, पण तिच्या खुणा राखा



आमच्या गटातल्या एका ताईंच्या माळ्यावर आजेसासूबाईंची सागवानी पेटी पडून होती. भंगारवाला दारात उभा होता. आम्ही म्हटलं, आधी उघडून तर बघू. झाकणाच्या आत कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि खिळ्याने ओढलेल्या रेघा. ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या आत्याबाईंना लिहिता येत नव्हतं. कुणाला पायलीभर धान्य उसनं दिलं, की एक रेघ ओढायच्या." भंगारवाला रिकाम्या हाताने गेला.

घर आणि शेत बहुधा पुरुषांच्या नावावर असायचं. बाईचं म्हणजे स्त्रीधन: दागिने, लुगडी, माहेरची भांडी. ते पेटीत असायचं आणि किल्ली तिच्या कमरेला. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिला पूर्ण मालक केलं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ साली तो देशभर लागू झाला आणि लग्नाची अट गेली. त्याआधीच्या बाईच्या मालकीचा, तिच्या व्यवहाराचा कागद सहसा सापडत नाही. सापडते ती अशी पेटी.

म्हणूनच आम्ही ती सरसकट घासली नाही. आधी ब्रशने धूळ झाडली, ओल्या फडक्याने पुसली आणि सावलीत वाळवली. भोकांखाली ताजा भुसा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे असं समजा आणि आधी सुताराला दाखवा. जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं. लेकरांना आणि गरोदर बाईला ते फार घातक.

मग कापसाला थोडं स्पिरिट लावून कोपऱ्यात टेकवलं. जागा चिकट झाली, म्हणजे जुनं पॉलिश लाखेचं. ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब या झाडांवरच्या किड्यांची देणगी. चपडी लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवून गाळली. मऊ सुती कापडात कापूस गुंडाळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने पातळ हात दिले. प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. स्पिरिट लगेच पेटतं, तेव्हा चूल लांब आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा. या पॉलिशवर गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग पडतो, तेही लक्षात असू द्या.

पेटी बाहेरून चकचकीत झाली. झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र आम्ही हात लावला नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी असेल. घासकागद हातात घेण्याआधी घरातल्या म्हातारीला तिच्याजवळ बसवा आणि कुठली खूण कशाची ते विचारा. ती सांगेल ते वहीत उतरवून ठेवा. पॉलिश पुढच्या वर्षीही करता येईल.