उपग्रहाचं खालचं टोक

भारतीय अंतराळ कार्यक्रमाचा विषय निघाला की दोन छायाचित्रं हमखास पुढे केली जातात. एकात थुंब्याच्या वाटेवर सायकलच्या कॅरिअरला अग्निबाणाचं निमुळतं टोक लावून दोघे जण चालले आहेत. दुसऱ्यात ‘ॲपल’ हा उपग्रह बैलगाडीत बसला आहे. आपल्याला भरून येतं: काय ते हाल आणि काय ती जिद्द! सायकलीपुरतं ते ठीक. बैलगाडीची गोष्ट वेगळी आहे. ॲपलच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि ट्रकच्या लोखंडी सांगाड्यानं मोजमापं बिघडली असती. लाकडी वाहन हवं होतं, बैलगाडी मिळाली. ती गरिबीची खूण म्हणून मिरवली गेली, पण होती अभियंत्याची सोय. १९ जून १९८१ रोजी युरोपच्या ‘एरियान’ रॉकेटनं ॲपल वर गेला. त्याचा एक सौरपंख उघडलाच नाही, तरी त्यानं दोन वर्षांहून अधिक काळ काम केलं.

भरून येणं थोडं आवरून ‘हे असंच का केलं?’ असं विचारायला लागलं की हा अभ्यासविषय उघडू लागतो. थुंबाच का? कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं आणि वरच्या वातावरणाच्या अभ्यासाला तशी जागा जगभराच्या शास्त्रज्ञांना हवी होती. २१ नोव्हेंबर १९६३ला तिथून उडालेलं रॉकेट अमेरिकी होतं, त्यातलं सोडियमच्या वाफेचं उपकरण फ्रेंच. आपलं भांडवल म्हणजे किनारा, मच्छीमारांच्या वस्तीनं सोडून दिलेलं चर्च आणि शिकायला तयार असलेली पोरं. पुढेही बराच काळ हाच हिशेब चालला. ‘आर्यभट्ट’ १९७५ला सोव्हिएत रॉकेटनं गेला. फ्रान्सच्या ‘वायकिंग’ इंजिनावर आपल्या अभियंत्यांनी तिथे जाऊन काम केलं आणि मोबदल्यात त्याची विद्या आणली. ‘विकास’ इंजिन त्यातून झालं. क्रायोजेनिक तंत्राच्या बाबतीत १९९०च्या दशकात अमेरिकी दबावामुळे रशियाला तंत्र देता आलं नाही. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचं पहिलं यशस्वी उड्डाण व्हायला जानेवारी २०१४ उजाडला. उसनवारीतून स्वावलंबनाकडे जाणारी ही वाट पुस्तकांतून पुष्कळदा सांगून झाली आहे. मला अधिक मोलाचं वाटतं ते उपग्रहाचं खालचं टोक.

ते टोक जवळून पाहायचं तर १ ऑगस्ट १९७५ला जावं लागेल. ‘साइट’ या प्रयोगात अमेरिकेनं आपला ‘एटीएस-६’ उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरायला दिला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही संच लागले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फूट व्यासाची छत्री. वीज नसेल तिथे बॅटरी. सकाळी शाळेतली मुलं आणि संध्याकाळी संचासमोर जमलेलं सगळं गाव. कार्यक्रम शेती, आरोग्य, कुटुंबनियोजनाचे. आकाशातला भाग उसना होता, पण संच दुरुस्त कोण करणार, कुठल्या बोलीत बोलायचं, लोकांना खरोखर काय कळलं, हे सगळं इथल्याच माणसांनी उभं केलं. रॉकेटच्या कार्यक्रमात समाजशास्त्रज्ञांना कामाला लावणारे देश फार नाहीत. या कामात एकनाथ चिटणीस आणि प्रमोद काळे ही आपल्या ओळखीची नावं आघाडीवर होती, आणि मराठीत त्यांच्यावर जेवढं लिहायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलेलं नाही.

वर्ष संपलं, उपग्रह परत गेला. बहुतेक गावांतले पडदे त्यावर थांबले. ‘इन्सॅट-१ए’ १९८२ला गेला आणि काही महिन्यांतच निकामी झाला. ‘१बी’ १९८३ला स्थिरावला. तोवर टीव्ही रंगीत झाला होता आणि १९८४ला ‘हम लोग’ सुरू झाली. शेतकऱ्यासाठी म्हणून मांडलेला पाट शहरी दिवाणखान्यानं बळकावला, असं माझं मत आहे. याच्याशी भांडणारा लेख या संग्रहात आहे, तो जरूर वाचावा.

लाभाचा हिशेब किती अवघड असतो हे ओडिशा दाखवतं. २९ ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. उपग्रह तेव्हाही होता, वादळ त्याला दिसतही होतं. १२ ऑक्टोबर २०१३ला ‘फायलिन’ आलं तेव्हा जवळजवळ दहा लाख माणसं आधीच हलवली गेली आणि मृतांची संख्या दोन आकडी राहिली. मधल्या चौदा वर्षांत उपग्रह नक्कीच सुधारले, अंदाजही सुधारले. पण निवारे बांधले गेले आणि दारोदार जाऊन लोकांना उठवणारे स्वयंसेवक तयार झाले, ते श्रेय कुणाच्या खात्यात टाकायचं? जो अर्थशास्त्रज्ञ ‘एक रुपया गुंतवला, इतके मिळाले’ असा आकडा देतो, त्याला हा प्रश्न विचारून पाहावा.

कोकणच्या बंदरावरही असाच गुंता आहे. समुद्राचं तापमान आणि पाण्याचा रंग उपग्रह टिपतो. गार-उबदार पाण्याच्या सीमेवर, जिथे वनस्पती-प्लवक दाट, तिथे मासळी असण्याचा संभव जास्त. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्यावरून मासेमारीच्या संभाव्य जागा मराठीतही कळवते. तांडेलाचं शोधण्यातलं डिझेल वाचतं. पण आभाळ भरलेलं असेल तर समुद्राचा रंग दिसत नाही. शिवाय जागा सगळ्यांनाच कळली तर आधी कोण पोचणार, मोठा ट्रॉलर की लहान होडी? आणि समुद्रात मासळी उरणार किती?

म्हणून शेती, कायदा, मानववंशशास्त्र शिकणाऱ्यांनी हे पुस्तक इंजिनिअरांसाठीचं समजून बाजूला ठेवू नये. कामाला माणसं त्याच बाजूची कमी पडतात. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवरच का ठेवतात, हे गणित तिसऱ्या प्रकरणात सोडवून दाखवलं आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी पानं उलटून सरळ मासळीच्या प्रकरणाकडे जावं.